सांगावे की न सांगावे?

दिवाळीच्या अंकात असला विषय काढल्याबद्दल काही वाचक मनातून रागावतील. फराळाच्या ताटात हे कडू कशाला, असे म्हणतील. पण आम्ही कोकणातली माणसे नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली कारीट फोडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि मगच पोह्यांकडे वळतो. तेव्हा एवढा कडूपणा चालून जावा.

प्रश्न असा : घरातल्या जिवलगाला कर्करोग झाल्याचे एकाएकी कळले, तर ते त्याला स्वतःला सांगावे की नाही?

आमच्या रत्नागिरीत या रोगाचे नाव सहसा कोणी उच्चारीत नाही. 'गाठ आहे' म्हणतात, 'मोठे दुखणे' म्हणतात. आणि आवाज अगदी खाली आणून म्हणतात, 'टाटाला नेलंय.' लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि त्या दुःखातून निघालेल्या संकल्पाने परळचे हे रुग्णालय १९४१ साली उभे राहिले. असंख्य लोकांनी तिथून बरे होऊन आपापली घरे गाठली. इकडची माणसे पूर्वी बोटीने मुंबईस जात, मग एस.टी.ने, आता कोकण रेल्वेने. जिल्ह्यात डेरवणलाही आज या रोगावर उपचार होतात. पण शब्दाला चिकटलेली भीती गेली नाही. ज्या संस्थेने माणसे जगविली तिचे नाव आमच्याकडे निरोपासारखे घेतले जावे, हा केवढा अन्याय!

आणि खरी अडचण इथेच आहे. ज्याच्यापासून रोग लपवायचा त्याला परळच्या त्या दारातून आत कसे न्यायचे? दारावरची पाटी त्यालाही वाचता येते. म्हणून मग 'जरा थांबू', 'आधी काढा देऊन पाहू', 'शिमगा होऊन जाऊ दे' असे सुरू होते. खोटे टिकविण्यासाठी दिवस खर्ची पडतात, आणि या दुखण्यात दिवसाइतके मोलाचे दुसरे काही नसते.

माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, कावीळ उतरेना म्हणून तपासण्या झाल्या. निघाले स्वादुपिंडाचे दुखणे, तेही पुढे गेलेले. डॉक्टरांनी भाच्याला बाहेर बोलावून सांगितले. अक्का आत बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. रात्री पडवीत बसून भाच्याने आम्हा सर्वांना बजावले, "आईला कावीळच सांगायची. कळलं तर ती खचेल."

त्याच्या प्रेमाविषयी मला तिळमात्र शंका नाही. एके काळी डॉक्टरांचेही मत हेच होते. १९६१ साली अमेरिकेत शिकागोच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा शंभरातले जवळजवळ नव्वद म्हणाले की, रोग्याला न सांगणेच आम्ही पसंत करतो. १९७९ साली तशीच पाहणी पुन्हा झाली, तर शंभरातले सत्त्याण्णव सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत माणसाचे काळीज काही बदलले नव्हते. उपचार वाढले होते, आणि रोग्याला विचारल्यावाचून त्याच्या देहाचे काही ठरवू नये हा विचार रुजला होता.

संदीप सावंत यांचा 'श्वास' हा २००४ सालचा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. कोकणातला आजोबा, डोळ्यांचा कर्करोग झालेला नातू. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेआधी हे मुलाला कळलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह, आणि आजोबाच्या तोंडून तर शब्द फुटत नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरालाही जाणण्याचा हक्क असेल, तर पन्नास वर्षे संसार ओढलेल्या बाईचा तो कोणत्या न्यायाने काढून घ्यायचा? 'खचेल' हे आपण ठरविणार. पण पुष्कळदा आपल्यालाच तिच्यासमोर खचायचे नसते, आणि त्या भित्रेपणाला आपण दया म्हणतो.

तरीही 'सत्य बोलावे' एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. धाडकन सांगून मोकळे होणारी सत्यवादी माणसे मी पाहिली आहेत. ती सत्याचे ओझे रोग्याच्या उशाशी टाकून स्वतः हलकी होऊन निघून जातात. माणसाला न जाणण्याचाही हक्क आहे. खोटे बोलणे निराळे आणि विचारल्यावाचून न बोलणे निराळे. या दोहोंमधली वाट अरुंद आहे, आणि तिच्यावरून चालताना रोग्याला पुढे ठेवावे लागते.

अक्कानेच ती दाखविली. चार दिवसांनी मी तिच्याजवळ एकटा बसलो असताना ती म्हणाली, "टाटाला न्यायचंय ना रे मला? मग बंडूला सांग, कावीळ कावीळ म्हणू नको. तो आला की मला कावीळ झाल्यासारखं बसावं लागतं. कंटाळा आलाय त्याचा."

म्हणजे घरात दोन नाटके चालली होती. आमचे तिच्यासाठी आणि तिचे आमच्यासाठी. त्या रात्री भाचा तिच्या कुशीत लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी तिने कपाट उघडून कागद बाहेर काढले. धाकट्या जावेशी सहा वर्षे अबोला होता, तिला बोलावून घेतले आणि पाटल्या कोणत्या सुनेला द्यायच्या ते तिच्यादेखत सांगितले. हे सारे कावीळ झालेल्या बाईला करता आले नसते.

परळला डॉक्टरांनी तिला समोर बसवून रोगाचे नाव घेतले, औषधाने काय होईल आणि काय होणार नाही तेही सांगितले. मग विचारले, "आजी, आणखी काही विचारायचंय?" आम्ही श्वास रोखून उभे. महिने किती, हे तिने विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

ती म्हणाली, "सोलकढी चालेल ना?"

डॉक्टर म्हणाले, "चालेल. सोसेल तेवढी घ्या."