'सॉरी' म्हटले की झाले?

शाळेत इंग्रजी शिकलो होतो, तरी 'सॉरी' या शब्दाचे खरे उपयोग आम्हांला कॉव्हेंट्रीत आल्यावर कळले. बसमध्ये धक्का लागला, सॉरी. ज्याला धक्का लागला तोही म्हणतो, सॉरी! नीट ऐकू आले नाही, सॉरी? शेजारी कोणी वारले, तरी सॉरीच. मराठीत 'माफ करा', 'काय म्हणालात?' आणि 'ऐकून फार वाईट वाटले' असे निरनिराळे बोलावे लागते.

धक्का खाणाऱ्याच्या सॉरीला मात्र हसू नये. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात इथले कॅथीड्रल जळाले. तेथील प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी भग्न भिंतीवर 'फादर फरगिव्ह', बापा क्षमा कर, एवढेच कोरविले. 'त्यांना' हा शब्द गाळला. दोषातून स्वतःला वगळले नाही.

सॉरी हा शब्द 'सोअर' म्हणजे दुखरे, याच्या कुळातला आहे. मग आपल्याला काही दुखले नसताना उच्चारलेला हा शब्द क्षमायाचना ठरतो काय?

एकदा वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईंना वेदनेचे औषध द्यायला आम्हांला तासभर उशीर झाला. चूक आमचीच होती. ट्रॉली ढकलता ढकलता 'सॉरी' म्हटले आणि पुढे गेलो. सुट्टीनंतर परत आलो, तर खाट रिकामी. रीतीप्रमाणे सॉरी म्हटले होते, मग त्या बाई आजवर का आठवतात?

इंग्लंडच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नुसती माफी मागणे ही निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही. डॉक्टर-नर्सना मोकळेपणी बोलता यावे म्हणून ते ठीकच आहे. पण आपला धर्म कबुली सोडत नाही. माणसाने माणसाचा केलेला अपराध किप्पुरने फिटत नाही, आधी त्या माणसाचे मन वळवावे लागते, असे मिश्ना सांगते. तो माणूस वारला असेल, तर दहा जणांसह त्याच्या कबरेपाशी जाऊन अपराध कबूल करावा, असे रांबाम म्हणतात. आम्हांला त्या बाईंची कबर ठाऊक नाही.

म्हणून वाचकहो, नव्याच्या सणापासून दारफळणीच्या सणापर्यंतचे दहा दिवस वाया घालवू नका. ज्याला दुखविले त्याच्या घरी जा, दोन मिनिटे बसा, आणि काय चुकले ते सांगा. मग शब्द इंग्रजी असो वा मराठी.