चादर, तंबू, छत्री

बल्गेरियात पाऊस सुरू झाला की माणसे चादर उघडतात. तिथल्या भाषेत 'चादर' म्हणजे छत्री. दुसरा स्वर जरा घशातून येतो, एवढाच फरक; सोलापूरच्या माणसाला शब्द सहज ओळखू येईल. मॅसिडोनिया आणि अल्बानियातही छत्रीला याच शब्दाची भावंडे वापरतात. सर्बियात आणि हंगेरीत 'शातोर' म्हणजे तंबू. पॅरिसच्या वर्तमानपत्रात 'चादोर' छापून आला की वाचकाच्या डोळ्यांपुढे इराणी बाईचा डोक्यापासून पायांपर्यंतचा काळा पेहराव उभा राहतो. आणि महाराष्ट्रात चादर म्हटले की आधी सोलापूर आठवते.

सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 मध्ये सुरू झाली. पण चादरीचे नाव गाजवले ते मुख्यतः मागवाल्यांनी. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिलेल्या तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांचा त्यात मोठा वाटा आहे. जॅकार्ड बसवलेल्या मागावर विणलेली जाड सुती चादर, दोन्ही अंगांनी वापरता येणारी, एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूला रंगांची अदलाबदल करून उमटलेली. 2005 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या मानांकित वस्तूंपैकी एक होती. 'जॅकार्ड' हे खरे तर एका माणसाचे आडनाव. फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या जोसेफ मारी जॅकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी उठवण्याचे यंत्र बसवले. त्याचे आडनाव आज सोलापूरच्या कारखान्यांत रोजच्या बोलण्यात असते. फारसी नावाचे कापड, फ्रेंच नावाच्या यंत्रावर, तेलुगू बोलणाऱ्या हातांनी विणलेले आणि मराठी बाजारात विकलेले: एवढ्या भाषा एका पांघरुणात आहेत.

'चादर' मराठीत फारसीतून आली. इराणमध्ये आजही या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही रोजच्या वापरातले. एक बायकांचे अंगभर वस्त्र, दुसरा तंबू. डोंगराकुरणांतून कळप घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांना तिथे 'चादोरनशीन' म्हणतात, म्हणजे तंबूत राहणारे. अंगावर घ्यायचे ते कापड आणि घरावर घ्यायचे तेही कापडच; फारसीने दोन्हींना एकच नाव पुरवले.

तिथून शब्द निघाला तेव्हा ज्याने त्याने आपल्या कामाचा तेवढा अर्थ उचलला.

तुर्कांनी तंबू घेतला. त्यांचे जगणे फिरतीचे आणि पुढे लष्करी छावण्यांचे, त्यामुळे तुर्कीत 'चादिर' म्हणजे तंबूच राहिला. हंगेरियन लोकांनी तो तुर्की भाषांकडून फार जुन्या काळी उचलला. त्यांच्या देशात शातोरआल्याउइहेय नावाचे एक गाव आहे, ज्याचा अर्थ होतो 'शातोर डोंगराच्या पायथ्याचे नवे ठिकाण'. रशियनमध्ये तंबूला 'शत्योर' म्हणतात आणि बुरख्याच्या जातीच्या वस्त्राला 'चद्रा'. एकाच मुळाचे दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी एका भाषेत आले आणि एकमेकांना न ओळखता शेजारी नांदत राहिले. बल्गेरियावर 1878 पर्यंत सुमारे पाचशे वर्षे उस्मानी सत्ता होती. तिथे तुर्कांचा तंबू आकसून हातात मावण्याएवढा झाला आणि लोक छत्रीलाच 'चादर' म्हणू लागले.

गंमत म्हणजे तुर्कांनी अंथरायची चादरही सोडली नाही. फारसीत 'चादर-शब' म्हणजे रात्रीची चादर. तुर्कीत तिचे 'चारशाफ' झाले, आणि तेच नाव बल्गेरियन, सर्बियन, रुमानियन, अल्बानियन भाषांत पलंगावरच्या चादरीला मिळाले. म्हणजे बल्गेरियन माणूस 'चारशाफ'वर झोपतो आणि 'चादर' घेऊन पावसात बाहेर पडतो.

छत्रीचा विषय निघाला की मराठी वाचकाला संस्कृतातले 'छत्र' आठवणारच. ते फारसीत 'चत्र' होऊन गेले, यात शंका नाही. पण तुर्कांचा तंबू 'चत्र'वरून आला की 'चादर'वरून, यावर व्युत्पत्तीचे अभ्यासक अजून भांडतात, आणि 'चादर'ही मुळात 'छत्र'चीच नातलग आहे असे मानणारेही काही आहेत. इथे घाईने 'म्हणजे सगळे आपलेच' म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. एक शब्द इकडून गेला, एक तिकडून आला, एवढे मानले तरी दोन्ही समाजांचा मान राहतो.

पश्चिम युरोपला 'चादर' हा शब्द दोनदा भेटला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी तो 'चडर' म्हणून ऐकला. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याची नोंद आहे: बायकांनी अंगावर घ्यायचे मोठे कापड आणि दर्ग्यातल्या कबरीवर घालायचे कापडही. ती नोंद इथल्या जगण्यातून आली होती. पुढे दुसरी भेट बातम्यांतून झाली. इराणात रझा शाहने 1936 मध्ये चादोरवर बंदी घातली, 1979 च्या क्रांतीनंतर तेच वस्त्र सक्तीच्या बाजूला जाऊन बसले, आणि फ्रेंच-जर्मन वाचकांच्या मनात 'चादोर'ला राजकारणाशिवाय दुसरा अर्थच उरला नाही. ज्यांनी शब्द कापडासह घेतला त्यांच्याकडे तो मोकळा राहिला. ज्यांनी तो केवळ बातमीतून घेतला त्यांच्याकडे तो आखडला.

'मग चादरीचा खरा अर्थ कोणता?' हा प्रश्न म्हणूनच चुकीचा वाटतो. हिंदीत चादर म्हणजे गादीवर घालायचे पातळ कापड. सोलापुरी चादर अंथरण्यापेक्षा पांघरण्याची. सोलापुरातल्या तेलुगू घरांत पांघरुणाला 'दुप्पटी' म्हणतात, आणि त्याचाच जवळचा 'दुपट्टा' उत्तरेत बाईच्या खांद्यावर असतो. इराणात जे चादरीचे झाले तेच इथे दुपट्ट्याचे: एकीकडे झोपेचे कापड, दुसरीकडे लाजेचे आणि मानाचे.

सोलापूरच्या दुसऱ्या मानांकित मालाची, टेरी टॉवेलची, गोष्ट याच्या उलट दिशेने आली. 'टॉवेल' मुळात जर्मानिक भाषांतला धुण्याशी संबंधित शब्द. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'टॉवेल' झाला. स्पॅनिशमध्ये 'तोआया' म्हणजे अंग पुसायचा टॉवेल, पण इटलीत 'तोवाल्या' म्हणजे जेवणाच्या टेबलावरचे कापड. पोर्तुगीज 'तोआल्या' दोन्ही कामे करतो. हा पोर्तुगीज शब्द हिंदीत 'तौलिया' आणि गोव्याच्या कोकणीत 'तुवालो' झाला. आशियातल्या भाषांवरचा पोर्तुगीजचा ठसा शोधणारे मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दलगादो गोव्याचेच होते. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ 1913 मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीने मात्र इंग्रजीचा 'टॉवेल'च ठेवून घेतला.

शब्दांचा हा प्रवास कोशांतून कळतो कारण कोणीतरी तो वेळेवर टिपून ठेवला. सोलापूरच्या मागांवर तसे टिपून ठेवण्याजोगे पुष्कळ आहे. मराठीत 'माग', कन्नडमध्ये 'मग्ग', तेलुगूत 'मग्गम': तीन भाषांत एकच यंत्र, एकच शब्द. पण आडवा धागा नेणारा धोटा आला की वाटा फुटतात. कन्नडमध्ये तो 'लाळी', तेलुगूत 'नाडे'. कोणता शब्द सगळ्यांनी वाटून घेतला आणि कोणता प्रत्येकाने घरचाच ठेवला, यावरून विणकर कुठून आले, कोणाकडून काय शिकले, हे उमगू शकते. जुने माग भंगारात जात आहेत, आणि त्यांच्या भागांची नावे ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे थकत चालली आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने, शहरातल्या मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू शिक्षकांनी आणि खुद्द विणकरांनी एकत्र बसून सोलापूरच्या विणकामाचा चौभाषिक शब्दकोश करावा. वाचकांपैकी ज्यांच्या घरी माग होता किंवा आहे, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून निदान त्याच्या प्रत्येक भागाचे नाव आजच विचारून लिहून ठेवावे.