एकट्याचे पीक

मनुष्याने आपल्या घरात, दार लावून, दुसऱ्या कोणासही उपद्रव न देता काही केले, तर त्याविषयी राज्याने अथवा समाजाने तोंड उघडावे काय, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित वर्गास नवा नाही. जॉन स्टुअर्ट मिल्लचा स्वातंत्र्यावरील निबंध १८५९ साली प्रसिद्ध झाला, आणि आगरकरांच्या पिढीपासून आमच्या पिढीपर्यंत कित्येकांनी तो कॉलेजात अभ्यासिला. ज्याचा परिणाम केवळ कर्त्यावरच होतो असे कृत्य आणि ज्याचा परिणाम इतरांवर होतो असे कृत्य, हा त्यातील भेद उत्तरपत्रिकेत मांडावयास मोठा सोयीचा असे. मात्र पहिल्या प्रकारचे एखादे चोख उदाहरण द्या, असे कोणी चौकस विद्यार्थ्याने म्हटले की शिक्षकाची पंचाईत होई. सांप्रत युरोपातील एका मोठ्या राष्ट्राने असे उदाहरण जणू कायद्यानेच घडवून ठेविले आहे, आणि ते जरा बारकाईने पाहण्याजोगे आहे.

१ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत प्रौढ मनुष्यास आपल्या राहत्या घरी भांगेची तीन झाडे लावण्याची मुभा मिळाली. घरात ५० ग्रॅमपर्यंत वाळलेला माल ठेवावा, घराबाहेर पडताना २५ ग्रॅमपर्यंत जवळ बाळगावा, अशी मर्यादा आहे. जर्मनी हा थंड देश. तेथे उन्हाळ्यातला दिवस फार लांब, आणि हे झाड तर दिवस आखडू लागल्यावाचून फुलोऱ्यावर येत नाही. ते फुलू लागते तोवर शरदातील गारठा आणि पाऊस येऊन ठेपतात व फुलांवर बुरशी चढते. शिवाय शहरातील पुष्कळ लोक भाड्याच्या मजल्यांत राहणारे. त्यांना अंगण कोठले? तेव्हा हौशी लोकांनी तंबूचा आश्रय केला आहे.

हा तंबू म्हणजे कपड्यांच्या कपाटाएवढी, जाड कापडाची, चेन लावून बंद होणारी एक पेटी. आतून तिला चकचकीत अस्तर असते, म्हणजे प्रकाशाचा कण वाया जात नाही. माथ्यावर एलईडी दिवे टांगलेले, एक पंखा हवा खेळविण्यास, आणि दुसरा आतली हवा कोळशाच्या गाळणीतून बाहेर काढण्यास. वास हा या झाडाचा मोठा चुगलखोर आहे, म्हणून ती गाळणी. वाढीच्या दिवसांत दिवे अठरा तास चालू आणि सहा तास बंद ठेवितात. झाड पुरेसे उंच झाले की बारा तास उजेड व बारा तास अंधार असा क्रम धरितात. झाडास वाटते की शरद ऋतु आला, आणि ते फुलू लागते. गार्नर आणि ॲलर्ड या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी दिवसाच्या लांबीचा आणि फुलण्याचा हा संबंध १९२० साली स्पष्ट करून दाखविला. आज तो भिंतीवरच्या कॅलेंडराइतका घरगुती झाला आहे. भांगेत नर आणि मादी ही झाडे निरनिराळी असतात. मादीस पराग न मिळाला तर तिची फुले बी न धरिता राळेने ओथंबतात, आणि तोच गांजा. पूर्वी बंगालात राजशाहीकडील नवगावच्या मळ्यांतून नर झाडे ओळखून उपटण्यासाठी खास जाणते लोक फिरत असत. तंबूत मुळी वाराच बाहेरचा येत नाही. ऊन नाही, पाऊस नाही, शेजारच्या शेतातून उडत येणारा पराग नाही. एका मनुष्याच्या इच्छेवाचून तेथे काहीच शिरत नाही.

(आपल्या देशात १९८५ च्या कायद्याने हे झाड लावणे हाच गुन्हा आहे, हे येथे सांगून ठेवितो. त्या कायद्याच्या व्याख्येतून नुसती पाने वगळली आहेत, म्हणून भांगेचा व्यवहार राज्याराज्यांच्या नियमांप्रमाणे कोठे कोठे चालतो. पण त्याचा अर्थ कुंडीत रोप लावावे असा नव्हे.)

आता जर्मन कायद्याची खरी गंमत त्याने दिलेल्या मुभेत नसून तिला लाविलेल्या अटींत आहे. घरी पिकविलेले हे पीक दुसऱ्या कोणास देता येत नाही. विकणे तर दूरच, फुकटही देता येत नाही. तीन झाडे नीट जोपासली तर ५० ग्रॅमांहून बरेच अधिक उत्पन्न येते. मर्यादेबाहेर जाईल तेवढे नष्ट करावे, अशी अपेक्षा आहे. ज्यांना घरी लावावयाचे नाही त्यांच्यासाठी १ जुलै २०२४ पासून लागवड-मंडळे काढण्याची सोय झाली. एका मंडळात पाचशेपर्यंत सभासद असू शकतात. परंतु मंडळाच्या आवारात, किंवा त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात, सेवन करण्यास मनाई आहे. म्हणजे एकत्र पेरावे, एकत्र कापावे आणि मग प्रत्येकाने आपापला वाटा घेऊन आपापल्या घरी जावे! पाचशे जणांचे मंडळ, आणि बैठक एकही नाही.

ही विचित्रता केवळ जर्मन काटेकोरपणातून उत्पन्न झाली असे मला वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेतील एका खटल्याकडे पाहा. गॅरेथ प्रिन्स हा रास्ताफारी पंथाचा मनुष्य. त्याच्या पंथात भांगेचे सेवन हा उपासनेचा भाग आहे. त्याने कायद्याचे शिक्षण घेतले. परंतु भांग बाळगल्याबद्दल त्याला पूर्वी शिक्षा झाली होती आणि पुढेही आपण ती सोडणार नाही असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले, म्हणून वकिलांच्या संस्थेने त्याला दाखल करून घेण्यास नकार दिला. तो घटना-न्यायालयापर्यंत गेला. आपल्या धर्मस्वातंत्र्यास बाध येतो, हे त्याचे म्हणणे. २००२ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो हरला. पुढे तोच मनुष्य, इतर काही जणांसह, निराळा मुद्दा घेऊन पुन्हा न्यायालयात उभा राहिला. हा मुद्दा होता खासगीपणाचा. १८ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, प्रौढ मनुष्याने खासगी जागेत स्वतःपुरती भांग लावणे, बाळगणे व सेविणे हा गुन्हा मानता येणार नाही.

हा इतिहास मला फार विचार करावयास लावितो. ज्या वेळी तो मनुष्य म्हणत होता की, 'या कृत्यास अर्थ आहे, ते मी माझ्या बांधवांसह ईश्वरासमोर करितो', त्या वेळी न्यायासन त्याला संरक्षण देऊ शकले नाही. 'मी दार लावून घेतले आहे, आत काय चालते ते पाहू नका', एवढेच जेव्हा म्हटले गेले तेव्हा संरक्षण मिळाले. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली रॅव्हिन नामक वकिलाच्या खटल्यात हीच वाट चोखाळली होती. मादक द्रव्य सेविण्याचा म्हणून काही मूलभूत हक्क नाही, पण घर हे घर आहे, असा त्या निकालाचा आशय. आधुनिक कायद्याला स्वातंत्र्याचा सर्वांत भक्कम पाया सापडतो तो एकान्तात. कृत्याचे सर्व धागे तोडून टाकावे, देणे नाही, घेणे नाही, सोबत नाही, हेतूची विचारपूस नाही, म्हणजे मग ते निरुपद्रवी ठरते.

आपल्याकडील जुने धोरण नेमके याच्या उलट होते. १८९३ साली हिंदुस्थान सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक कमिशन नेमिले. त्याने ११९३ साक्षी नोंदविल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल तयार केला. बेताने सेवन करणाऱ्यांस त्यापासून म्हणण्यासारखा अपाय होत नाही, अतिरेक करणारे थोडे व अपाय बहुतांशी त्यांचा त्यांनाच, सबब सरसकट बंदी नको, असा त्याचा निष्कर्ष. परंतु त्याची शिफारस अशी की, लागवड परवान्याखाली आणावी व थोड्या ठिकाणी एकवटावी. विक्री परवानेवाल्या दुकानांतून व्हावी. त्या साहेबांना कराचीही काळजी होती हे उघडच आहे. तथापि परिणाम असा की, १८९४ च्या अहवालास दुकान चालत होते आणि परसातले झाड खुपत होते; २०२४ च्या जर्मन कायद्यास खोलीतले झाड चालते आणि दुकान खुपते.

आमच्या समाजाची या वनस्पतीशी जी काही ओळख आहे ती बहुतेक मंडळीतली आहे. काशीत महाशिवरात्रीस थंडाई घोटली जाते ती एका पेल्यापुरती नव्हे. साधूंच्या आखाड्यातली चिलीम हातोहात फिरते. यात मी गौरव करण्यासारखे काही पाहत नाही. शिमग्याच्या नावाखाली ज्यांनी पोराटोरांस भांग पाजून गंमत पाहिली, त्यांनाही सोबत होतीच. मनुष्य एकटा असता जी लाज बाळगतो ती चौघांत सोडतो, हेही आपण रोज पाहतो. तेव्हा एकट्याचे ते पाप आणि मेळ्यातले ते पुण्य असा सोपा हिशेब येथे चालावयाचा नाही. पण एक गोष्ट खरी. आपल्याकडे एकट्यासाठी रांधून एकट्याने जेवणे हे गौण मानिले गेले आहे, आणि ते कोणास त्रास होतो म्हणून नव्हे. जे पिकविले, रांधिले, त्यात दुसऱ्याचा घास असतो. तो काढून ठेविल्याने आपल्या घासाचेही माप कळते. जे मुळी देताच येत नाही, उरले तर जाळावयाचे, त्याचे माप कशाने कळणार? कायदा म्हणेल, ग्रॅमांनी. ते ठीकच आहे. पण तराजूला भूक कळत नाही.

याउपर कोणी म्हणेल की, मग काय, कायद्याने देण्याघेण्यासही मोकळीक द्यावी? मी तसे म्हणत नाही. देण्याची मुभा दिली की त्याचा बाजार होण्यास वेळ लागत नाही, आणि बाजार प्रथम तरुणांस गाठतो. वाढत्या वयाच्या मेंदूस या द्रव्यापासून धोका आहे याविषयी डॉक्टरांत दुमत नाही. राज्याने आखलेली रेघ, राज्याच्या दृष्टीने, मला समंजस वाटते. प्रौढ मनुष्यास तीन झाडांसाठी तुरुंगात धाडण्यापेक्षा ती शतपट बरी. माझे म्हणणे इतकेच की, राज्याने आपल्या सोयीसाठी मानिलेली गोष्ट आपण नीतीच्या विचारात जशीच्या तशी उचलू नये. बंद दाराआड मनुष्य एकटा असतो, हे राज्याने मानिले आहे. तो तसा असतो काय?

माझा एक जुना विद्यार्थी श्टुटगार्ट शहरी इंजिनियर आहे. गेल्या वर्षी त्याचे एक लांबलचक पत्र आले. त्याने तीन खोल्यांच्या घरातील एका खोलीत असा तंबू उभारला आहे. तीनच झाडे, आणि सारे नियमानुसार. शनिवारी रात्री थोडे सेवितो, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यास शोभेल अशा आस्थेने झाडांची टिपणे ठेवितो. पत्रात मिल्ल होता, विजेच्या बिलाचा आकडा होता, आणि शेवटी प्रश्न होता: 'सर, यात कोणाचे काय बिघडले, ते मला दाखवा.' त्याची बुद्धि मी जाणतो; हा प्रश्न त्याने कोणाला हरविण्यासाठी विचारला नव्हता. मला वाटते, त्याला कोठेतरी टोचत होते आणि कोठे ते सापडत नव्हते.

त्या पत्रातच उत्तराचा धागा होता. झाडे मुलांच्या हाती लागू नयेत असा कायद्याचा दंडक आहे, म्हणून त्याने खोलीस कुलूप लाविले होते. पत्नीस सर्व ठाऊक आहे. तिने तक्रार केली नाही, मात्र त्या खोलीत जाणे सोडले. मुलगी आठ वर्षांची. दाराखालच्या फटीतून रात्री उजेड येतो आणि पंख्याची घरघर ऐकू येते, तेव्हा आत काय आहे असे तिने विचारले. त्याने सांगितले, कपडे वाळविण्याचे यंत्र.

मिल्लने स्वतः हे ओळखिले होते. मद्यपि मनुष्य आपल्या मुलाबाळांविषयीचे कर्तव्य चुकवील तर तो दोषास पात्र, आणि तो दोष मद्याचा नसून चुकलेल्या कर्तव्याचा, असे त्याचे प्रतिपादन. परंतु त्याच्या मनात पोषणाचे, पैशाचे कर्तव्य मुख्यतः होते. माझा विद्यार्थी त्या कसोटीस सहज उतरतो. तो चांगला कमावितो, घरात कशाची वाण नाही. त्याच्याकडून चुकले ते निराळेच. घर हा शब्द न्यायालयांनी चार भिंतींच्या अर्थाने घेतला, आणि त्यानेही तोच घेतला. आपल्या भाषेत घर म्हणजे माणसेसुद्धा; 'घरी विचारून सांगतो' असे आपण म्हणतो तेव्हा भिंतींस विचारीत नाही. ज्या भिंतींनी राज्यास बाहेर ठेविले त्यांच्या आत आणखी एक भिंत उभी राहिली, आणि तिच्या बाहेर पत्नी व मुलगी राहिल्या. कुलूप लावणे हे कायद्याने सांगितले होते. यंत्राची गोष्ट मात्र कायद्याने सांगितली नव्हती.

कित्येक वडील मुलांपासून कित्येक गोष्टी राखून ठेवितात, आणि त्यात वावगे काही नाही. तिजोरीस कुलूप असते, औषधांच्या कपाटास असते. पण त्यांत काय आहे हे मुलांस सांगता येते, आणि का हात लावू नये हेही सांगता येते. आठ वर्षांच्या मुलीस 'ही मोठ्या माणसांची झाडे आहेत, तुला अपायकारक आहेत' हे सांगणे कठीण नाही. त्याला ते कठीण वाटले, कारण पुढचा प्रश्न येणार, 'मग तुम्हाला कशाला हवीत?' त्या प्रश्नाचे उत्तर त्याने न्यायाधीशास देण्याचे कारण नाही, मलाही देण्याचे कारण नाही. परंतु ज्या कृत्याचे कारण स्वतःच्या लेकीस तिच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगता येत नाही, ते आपण स्वतःला तरी सांगितले आहे काय, हे तपासून पाहावयास हवे. कदाचित उत्तर अगदी साधे निघेल: आठवड्याच्या श्रमानंतर बरे वाटते, झाड वाढविण्यात आनंद आहे. तसे असेल तर ते तोंडाने बोलता यावे. कदाचित निराळे काही निघेल.

मी त्याला उत्तर लिहिले त्यात द्रव्याच्या गुणदोषांविषयी एक अक्षर घातले नाही. तंबू ठेवावा की मोडावा हे त्याने आणि त्याच्या पत्नीने एकत्र बसून ठरवावे, त्यात माझे काम नाही. मात्र कपडे वाळविण्याच्या यंत्राची गोष्ट तेवढी येत्या रविवारच्या आत मागे घ्यावी, असे कळविले.