इज्जतीचे माप

इज्जत देणारा अल्लाह, असे आपण म्हणतो. पण ती वाटण्याचे काम मात्र आपणच अंगावर घेतो. जलशात पुढच्या खुर्चीवर कोणाला बसवायचे आणि कोणाचा सलाम टाळायचा, हे आपणच ठरवतो. कोणत्या मापाने ठरवतो?

हमीद दलवाईंकडे पाहू. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. ‘इंधन’ कादंबरीने मराठी साहित्यात त्यांचे नाव झाले. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे, ही मागणी होती. १९७० साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. समाजाच्या मोठ्या भागाने त्यांना कौमचा दुश्मन ठरवले. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या ४४व्या वर्षी ते गेले.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच बैठकीतला तिहेरी तलाक रद्द ठरवला. त्यानंतर त्यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. माणूस तोच, शब्द तेच. मग मधल्या काळात बदलले काय? फक्त हवा.

टाळ्यांचेही तसेच. दलवाईंनी हिंदू जमातवादावरही तितक्याच कठोरपणे लिहिले. तो भाग गाळून त्यांचे गोडवे गाणारे अर्ध्या माणसाचा सत्कार करतात. आणि आपण? ‘ते टाळ्या वाजवतात, म्हणजे हा आपला नाही,’ एवढ्यावर आपला निकाल तयार. दोन्हीकडे माणसाचे म्हणणे तपासायचे राहूनच जाते.

दलवाईंची सगळी मते पटलीच पाहिजेत, असे नाही. धर्माविषयीची त्यांची भूमिका अनेक प्रामाणिक माणसांना मान्य नव्हती, आजही नाही. त्यांनी जरूर वाद घालावा. पण मतभेद वेगळा आणि बेइज्जती वेगळी. वाद घालायला आधी समोरच्याचे ऐकावे लागते. बेइज्जती करायला तेवढेही कष्ट पडत नाहीत.

आणि त्या सात महिला? दलवाईंना निदान शिव्या तरी मिळाल्या, पुढे हारही मिळाले. या बायांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? मोर्चा संपल्यावर त्यांना आपापल्या घरी, आपल्याच माणसांत परतायचे होते. बोलण्याची किंमत कोणी मोजली, हे आपल्या मापात कधी धरले गेलेच नाही. इज्जत वाटायला बसण्याआधी हे माप एकदा तपासून घ्यायला हवे.