नावाची वहिवाट

'आमची कोठेही शाखा नाही' या पुणेरी पाटीची थट्टा खूप झाली. पण ती पाटी लागते, कारण त्याच नावाचं दुकान दुसऱ्या पेठेत दुसरं कुणी काढू शकतं. रस्त्यावर एका आडनावाची दहा दुकानं नांदतात आणि 'शनिपाराजवळचं' एवढं म्हटलं की गिऱ्हाईक हवं तिथे पोचतं.

इंटरनेटवर ही सोय नाही. तिथे यंत्राचा पत्ता आकड्यांचा असतो. तो माणसाच्या लक्षात राहत नाही, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था आखली. तीच डीएनएस. २०१४ साली '.भारत' हे देवनागरी नाव सुरू झालं, मराठीसाठीही. पण यंत्रांच्या आपसातल्या व्यवहारात 'भारत' हा शब्द रोमन अक्षरांची एक निरर्थक माळ बनूनच फिरतो. अर्थ आहे तो आपल्यासाठी.

असं एक नाव एकाच वेळी एकालाच मिळतं, जो आधी मागेल त्याला. तेही भाड्याने, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. समजा, कुणी पंधरा वर्षं मराठी कवितांचं संकेतस्थळ चालवलं. ती व्यक्ती गेली, घरच्यांना नूतनीकरणाचं माहीत नव्हतं. मुदत संपली, सवलतीचे दिवसही गेले. मग तेच नाव दुसऱ्याने घेऊन तिथे जुगाराच्या जाहिराती लावल्या. जुन्या लेखांतले दुवे आता तिथे पोचतात. नियमाने यात चोरी नाही. मग आपलं काय गेलं?

गंज पेठेची महात्मा फुले पेठ झाली, तरी जुन्या नावाने आलेलं पत्र पोचतं. पोस्टमनला दोन्ही नावं ठाऊक असतात. डीएनएसला फक्त आजची नोंद ठाऊक असते.

यावर नाव कायमचं देऊन टाकणं हा उपाय नव्हे. तसं केलं तर आधी आलेले लोक चांगली नावं अडवून बसतील. भाडं आहे म्हणून नावं फिरती राहतात, हे न्याय्यच आहे.

पण मालक आणि भाडेकरू यांच्यापलीकडे आपल्याकडे तिसराही हक्क मानला जातो: वहिवाटीचा. सुविधाधिकाराच्या १८८२च्या कायद्यात, सलग वीस वर्षं हक्काने आणि उघडपणे वापरलेली शेतातली वाट मालकालाही बुजवता येत नाही. वाट चालणाऱ्यांमुळे वाट होते. नावाचंही तसंच. ते वाचकांच्या येण्याजाण्याने मोलाचं होतं, आणि नवा भाडेकरू नेमकं तेच मोल वापरतो.

कायदा ही वहिवाट मानत नाही, म्हणून ती मानणं ही नैतिक जबाबदारी उरते. नाव धारण करणाऱ्याने आपल्यामागे ते कोण सांभाळेल हे मृत्युपत्रात लिहावं, सोडायचं असेल तर आधी वाचकांना सांगावं. घेणाऱ्याने निदान जुन्याचा वेश घेऊ नये. नाव भाड्याने मिळतं; त्यावरचा लोकांचा विश्वास भाड्यात धरलेला नसतो.