पाण्यांतील मासा कोणाचा?

शेतांतील पीक कोणाचें हें बांध सांगतो. पाण्यांतील मासा कोणाचा हें सांगणारा बांध कोठेंच नाहीं. जाळ्यांत येईपर्यंत तो कोणाचाच नसतो. मग त्याला राखावें कोणीं? १९६८ सालीं गॅरेट हार्डिन यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, सामाईक कुरणाचा नाश अटळ आहे. कारण आपण राखलेला चारा शेजाऱ्याचीं गुरें खातील, हें भय प्रत्येकास असतें.

कोकणांतील कोळीवाड्यांचा अनुभव निराळा आहे. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिल्यावांचून त्या पाण्यांत लोटावयाच्या नाहींत, असा तेथील जुना रिवाज. त्याच्या मुळाशीं तुफानाचें भय असेल; परंतु याच दिवसांत पुष्कळ मासे अंडीं घालतात, तेव्हां भयानेंही विवेकाचेंच कार्य केलें. लोकांनीं स्वतः केलेल्या अशा नियमांनीं सामाईक संपत्ति पिढ्यान्‌पिढ्या राखिली जाते, हें एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीं १९९० च्या आपल्या ग्रंथांत अनेक देशांच्या उदाहरणांनीं दाखविलें. २००९ सालीं त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां सरकारी नियमाकडे पाहूं. महाराष्ट्रांत यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमा बहुधा त्यानंतर येते. म्हणजे जो रिवाज पाळून थांबला, त्याच्या आधींच दुसऱ्याची नौका मासे भरून परत येते. नीतीचा खरा पेंच येथें आहे. एकट्यानें पाळलेला संयम हाही सद्गुणच. परंतु त्याचें फळ दुसऱ्याच्या लोभाच्या पदरांत पडत असेल, तर तो पाळा असें भुकेल्या घरास सांगण्याचा अधिकार कोणास आहे? आमच्या मतें कोणासही नाहीं. ज्यांच्याकडून संयमाची अपेक्षा करावयाची, त्यांच्याच हातीं नियम करण्याचा व तो मोडणारास अडविण्याचा अधिकार असला पाहिजे. समाजही अन्याय करतो, हें आम्ही विसरत नाहीं. मासळी विकणाऱ्या स्त्रीला बैठकींत जागा नसेल, तर तो नियम अर्ध्याच गांवाचा.

पैठणास समुद्र नाहीं, तरी हा प्रश्न आम्हांस परका नाहीं. १९७६ सालीं उद्घाटन झालेल्या जायकवाडी धरणानें येथें नाथसागर निर्माण केला. त्यावर मासे धरून जगणारीं कुटुंबें आहेत, आणि १९८६ पासून तेथें पक्ष्यांचें अभयारण्यही आहे. या पाण्याला कोळीवाड्याइतकी जुनी वहिवाट नाहीं. ती आतां घडावयाची आहे. पाणी सरकारला भिंत बांधून अडवितां आलें. मासा राखण्याची वृत्ति मात्र ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते, त्यांच्या बैठकींतच जन्मास येईल.