साथीला चेलो आला की

तिबेटी भिक्षूंच्या मंत्रघोषात पाश्चात्त्य तंतुवाद्यं मिसळली की मला हायसं वाटतं. का वाटतं, याचा छडा लावल्याशिवाय मला या संगीतावर प्रेम आहे असं म्हणवत नाही.

नुसता मंत्रघोष ऐकणं कष्टाचं आहे. ग्युतो मठाच्या परंपरेत भिक्षू खर्जाच्याही खाली उतरतो, आणि त्याच गळ्यातून वरचा एक स्वरांश स्पष्ट उमटत राहतो. पाठ इतका संथ की शब्द कुठे संपला ते नवख्याला कळत नाही. मध्येच रोलमो, म्हणजे मोठ्या झांजा, सुरू होतात. त्यांचे आघात आधी लांब लांब, मग जवळ जवळ येत जातात, जमिनीवर सोडलेला चेंडू उसळत उसळत थांबावा तसे. त्यांचा हिशेब पक्का असतो, पण तो समान मात्रांच्या घरांत बसत नाही. डुंगचेन हे माणसाच्या उंचीहून लांब कर्णे जोडीने वाजवतात. एकाचा श्वास संपताना दुसरा नाद धरून ठेवतो. पियानोच्या पट्टीशी त्यांना काही कर्तव्य नाही. या सगळ्यात मला कुठेही सांगितलं जात नाही की आता गहिवरायचं आहे. मग चेलो येतो आणि ते सांगतो. हायसं वाटतं ते त्यामुळे. मनाला भिडलेला तो तिबेट, की चेलोने माझ्यासाठी केलेला त्याचा अर्थ?

1997 साली तिबेटवर दोन मोठे चित्रपट आले. ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ला जॉन विल्यम्सचं संगीत होतं आणि त्यात यो-यो माचा चेलो. स्कॉर्सेसीच्या ‘कुंदुन’ला फिलिप ग्लासचं संगीत होतं. पहिल्यातला चेलो फार सुंदर आहे, पण तो परदेशातून आलेल्या माणसाच्या मनातली हुरहूर वाजवतो. ‘कुंदुन’मध्ये तिबेटी कर्णे आणि झांजा वाद्यवृंदाच्या आतच शिरतात आणि त्याच्या सुबकपणाला धक्का देतात. ग्लास साठच्या दशकात उत्तर भारतात तिबेटी निर्वासितांना भेटला होता. पुढे 1987 मध्ये रॉबर्ट थर्मन आणि रिचर्ड गेअर यांच्यासह त्याने न्यूयॉर्कला तिबेट हाऊस उभं केलं. त्याच्या संगीतात मला जो आदर ऐकू येतो, त्यामागे ही इतक्या वर्षांची सोबत आहे. तरी मन निवांत करायचं असेल तेव्हा माझा हात यो-यो माच्या चेलोकडेच जातो. आदर कुठे आहे हे कानाला कळतं, आणि तरीही मन सोयीकडे वळतं. हा माझा कल मला झाकायचा नाही.

हा कल एकट्या माझा नाही, जुना आहे. 1964 मध्ये ह्यूस्टन स्मिथ या धर्माभ्यासकाने ग्युतोच्या निर्वासित भिक्षूंचा आवाज ध्वनिमुद्रित केला. तीन वर्षांनी एमआयटीतल्या ध्वनितज्ज्ञाबरोबर स्मिथचा त्या आवाजावर शोधनिबंध आला, विषय होता या गळ्यांची असामान्य क्षमता. तो अभ्यास मोलाचा होता, स्मिथची आस्थाही खरी होती. पण बाहेरच्या जगाने विचारलेला पहिला मोठा प्रश्न ‘हे कसं जमतं?’ असा होता. भिक्षू काय अर्पण करताहेत, कोणाला, कोणासाठी, हे नंतर आलं. खुद्द परंपरेत नाद हे अर्पण आहे, धूप-दीप-पुष्पासारखं देवतेपुढे ठेवलेलं. चाम नृत्यात मुखवटा चढवलेल्या भिक्षूने स्वतःच्या जागी त्या देवतेचं ध्यान करायचं असतं. मग त्या पावलांवर मी टाळ्या वाजवते तेव्हा माझ्यासमोर पूजा चाललेली असते की कार्यक्रम? मी दोन्ही म्हणते, आणि असं म्हणणं मला फार स्वस्तात सुटल्यासारखं वाटतं.

यावर एक सोपं उत्तर तयार असतं: पवित्र गोष्ट रंगमंचावर आणूच नये. ते उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. ल्हासाजवळ 1416 मध्ये स्थापन झालेला ड्रेपुंग मठ 1959 नंतर कर्नाटकात मुंडगोडला नव्याने उभा राहिला. बेळगाव-हुबळीकडच्या माणसाला ते गाव परकं नाही. त्याच मठातल्या लोसेलिंग या विद्याशाखेचे भिक्षू मंत्रघोष आणि नृत्य घेऊन जगभर फिरतात, पाश्चात्त्य कलाकारांबरोबर एका मंचावर उभे राहतात, आणि ते का करतो हे स्वतःच सांगतात: शांततेसाठी प्रार्थना करायची, आपली संस्कृती लोकांसमोर ठेवायची, निर्वासित समाजासाठी आधार गोळा करायचा. ज्यांचं घर गेलं त्यांनी आपल्या विधीतलं काय उघडं करायचं आणि काय राखून ठेवायचं हे विचारपूर्वक ठरवलं आहे. त्यांच्या वतीने पावित्र्याची चिंता मी करायला लागले, तर तोही माझ्या मनातला तिबेट जपण्याचाच प्रकार होईल.

मला तपासायचं आहे ते माझ्या बाजूचं. एकत्र वाजवताना कोणीतरी कोणासाठी थांबतं. रोलमोच्या वाढत्या वेगासाठी व्हायोलिनवाले आपली लय सोडतात, की भिक्षूंनाच संचालकाच्या हातवाऱ्यांत बसवलं जातं? मी आता अशा मैफिलींत हेच ऐकते. आणि श्रोता म्हणून मी माझं काय सोडलं? वेळ दिला, तिकिटाचे पैसे दिले. त्यापलीकडे त्या पाठाचा अर्थ समजून घेतला का, त्या लोकांबद्दल माझ्या वागण्यात काही बदललं का?

दर हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी स्त्रिया स्वेटरचे ठेले मांडतात. गोंदिया जिल्ह्यात नोर्गेलिंगची वसाहत आहे, तिबेटी कुटुंबं तिथे पन्नासेक वर्षांपासून राहतात, म्हणजे हे लोक महाराष्ट्राचेही रहिवासी आहेत. रंगमंचावरच्या कषाय वस्त्रापुढे माझे हात आपोआप जुळतात. ठेल्यावरच्या बाईशी माझं बोलणं किमतीपाशी सुरू होऊन किमतीपाशीच संपतं. ती कुठल्या वसाहतीतून येते, तिच्या घरातलं कोणी मठात आहे का, तिच्या मुलांना ते पाठ येतात का, हे विचारायला कुठल्या चेलोची गरज नाही. या थंडीत मी ते विचारणार आहे.